सात नंबरची बाई वाट पाहत नाही

शुक्रवार, १४ नोव्हेंबर
दुपारी, गाडीत बसून

चि. खारूताईस,

अनेक आशीर्वाद. मी ठीक आहे, तूही ठीक असशील. गुडघा अधूनमधून कुरकुरतो, पण क्लच दाबायला अजून नाही म्हणत नाही. ड्रायव्हिंग स्कूल चाललंय. दोन्ही गाड्या धडधाकट आहेत. लाल गाडीचा मागचा दिवा एका शिकाऊ बाईंनी खांबाला अर्पण केला होता, तो कालच नवा बसवून आणला. हवा बरी आहे.

झाली खुशाली. आता मुद्द्याचं.

तुझी पाटी वाचली.

दुसऱ्या मजल्यावर, तुझ्या बाबांच्या चित्रांच्या दालनात शिरताना उजव्या हाताला लावली आहेस ती. ‘प्रेक्षकांनी इतर प्रेक्षकांना चित्रांविषयी मोठ्याने माहिती सांगू नये. माहितीसाठी ऑडिओ गाइड वापरावे. – शिक्षण विभाग.’ शिक्षण विभाग म्हणजे कोण, असं मी दालनातल्या गार्डबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “वरच्या मजल्यावरच्या मॅडम. चित्रकारांच्या कन्याच त्या.” मी म्हटलं, अस्सं.

सोमवारपर्यंत ती पाटी तिथे नव्हती, म्हणजे ती खास माझ्यासाठी आहे. बाबांच्या घरी इतकी वर्षं राहिले, दारावर माझ्या नावाची पाटी काही लागली नाही. ती शेवटी संग्रहालयात लागली, तीही गप्प बसा म्हणून. आभारी आहे.

गार्डबाईंनी तुला माझं वर्णन दिलंच असेल. ठेंगणी, केस कुरळे, पायात बूट, आवाज मोठा. त्यावरून तू ओळखलंस की नाही, मला ठाऊक नाही. ओळखून पाटी लावली असशील तर शाबास, माझीच पोर आहेस. न ओळखता लावली असशील तर आता ओळख. ती बाई मी.

मी तिथे कशी उगवले, ते सांगते. एक दाताची डॉक्टरीण माझ्याकडे गाडी शिकते. लोकांच्या जबड्यात यंत्र घालताना हिचा हात जरासुद्धा कापत नाही, आणि रिव्हर्स टाक म्हटलं की रडकुंडीला येते. तिला पार्किंगचा सराव द्यायला मोकळी जागा हवी होती. संग्रहालयाच्या मागचं पार्किंग सकाळी रिकामं असतं. म्हणून तिकडे वळवली गाडी, आणि वळणावरच समोर मी! दोन मजले उंच! अख्ख्या भिंतीवर बाबांच्या प्रदर्शनाचा फलक आणि त्यावर माझं तोंड. एकेक नाकपुडी एवढी मोठी की तिच्यात आमची लाल गाडी पार्क करता आली असती.

डॉक्टरीण म्हणाली, “अय्या, ही बाई किती तुमच्यासारखी दिसते हो!”

मी म्हटलं, “पुढे बघ आणि ब्रेक दाब.”

तिने दाबला ॲक्सिलरेटर. माझ्या पायाशीही एक ब्रेक असतो, म्हणून आज आम्ही दोघी हयात आहोत.

मग तीच म्हणाली, चला ना, आत जाऊन बघू. मी म्हटलं चल, वेळ आहे, सहज डोकावू.

काउंटरवरच्या मुलीने तो ऑडिओ गाइडचा डबा गळ्यात घातला, कानावर ते दोन गोल बसवले आणि सांगितलं, चित्राखालचा नंबर दाबायचा की माहिती ऐकू येते. मला वाटलं असेल कोणीतरी विमानतळावरच्यासारखी गोड आवाजाची बाई. मी आपला एक नंबर दाबला.

आणि तू बोललीस.

“नमस्कार. या दालनात आपलं स्वागत आहे.”

आपलं! मला! बाबा गेले तेव्हा मी आले होते, तेव्हाही तू अशीच म्हणाली होतीस, “तुम्ही बसा, पाणी आणते.” जन्मदात्या आईला तुम्ही! घरचं मीटर बघायला आलेल्या माणसाला म्हणतात तसं. मी पाणी प्यायले, पेला खाली ठेवला आणि निघाले. राग मलाही येतो, त्याची एजन्सी काही तुला एकटीला दिलेली नाही.

पण आवाज, खारे, आवाज काय तयार झालाय तुझा! लहानपणी वर्गात धडा वाचायला उभी केली की पुस्तकात तोंड खुपसून पुटपुटायचीस. आता कशी एकेक शब्द निवडून ठेवतेस. मी तिथे भिंतीला टेकून उभी राहिले. डॉक्टरीण म्हणाली, चक्कर येतेय का? मी म्हटलं, चक्कर मला गाडीत येत नाही, इथे कशाला येईल.

मग तू म्हणालीस, “आता डावीकडे वळा.” मी वळले. “थोडं पुढे या.” आले. “आता जरा मागे सरकून चित्राकडे पाहा.” सरकले. अगं, मी दिवसभर लोकांच्या कानाशी बसून हेच सांगते, डावीकडे घे, जरा पुढे, आता हळूच मागे. माझं कोणी ऐकत नाही. आणि मी तुझं मुकाट्याने ऐकत दालनभर फिरले. मला उभ्या आयुष्यात एवढं आज्ञेत कोणी चालवलं नसेल. तुझ्या बाबांनी सुद्धा नाही. ते चालवायचे कुठे, ते तर बसवायचे.

आले सात नंबरपाशी.

गर्दी होती. डबेवाली माणसं अर्धवर्तुळात उभी, सगळ्यांचे चेहरे सारखे गंभीर. मी पुढे जाऊन उभी राहिले तर मागून एक गृहस्थ म्हणाले, “बाई, जरा बाजूला व्हाल का? ती बाई दिसत नाही.” मी झाले बाजूला. आता त्यांना काय सांगू? तीच तर तुमच्यासमोर उभी आहे म्हणून?

चित्र तुला पाठच आहे, मलाही आहे. वेताची खुर्ची, खुर्चीत मी, डावा हात खुर्चीच्या हातावर, उजवा मांडीत, डोळे दाराकडे. खुर्चीखाली काळपट काहीतरी. खाली पितळी पट्टीवर नाव, ‘प्रतीक्षा’.

मी सात दाबला. तू सुरू केलंस. “ही चित्रकाराची पत्नी. ती वाट पाहते आहे. तिचं सारं शरीर स्थिर आहे, फक्त डोळे दाराला लागले आहेत. कुणाची तरी वाट पाहण्यातच जिचं आयुष्य सरलं, अशा स्त्रीची ही प्रतिमा. खुर्चीखालची गडद सावली पाहा. ती तिच्या मनातली उदासी...”

“उदासी कसली डोंबलाची! बॅग आहे ती!”

हे मी म्हणाले. म्हणजे मला वाटलं मी पुटपुटले. कानावर ते गोल असले की आपण किती जोरात बोलतो ते आपल्याला कळत नाही, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. अख्खं दालन वळून माझ्याकडे बघायला लागलं. ज्यांच्या कानावर डबे होते तेही वळले, यावरून काय ते समज. गार्डबाई स्टुलावरून उठून आल्या, म्हणाल्या, “आजी, हळू बोला हो.” आजी! मी कानावरचं काढलं, त्यांच्या हातात दिलं आणि तडक खाली आले. त्या दिवशी डॉक्टरणीला रिव्हर्स असा काही शिकवला की बिचारी मला म्हणाली, तुमच्या दाताचं काही असेल तर फुकट करीन, पण ओरडू नका.

मी वाट पाहणारी! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

मग मी दुसऱ्या दिवशी परत गेले. डॉक्टरणीशिवाय. आणि मग वर्षाचा पासच काढून टाकला. रोज सकाळचा शिकाऊ सोडला की मी हजर. सात नंबरपाशी उभी राहायचे, आणि कोणी सात दाबला की म्हणायचे, “काढा ते कानावरचं. मी सांगते.” बहुतेक लोक घाबरून आठ नंबरला पळायचे. पण काही ऐकायचे. एक म्हातारं जोडपं होतं, दोघं एकाच डब्यात कान घालून ऐकत होती. आजोबा म्हणाले, “पण यंत्रात तर वेगळं सांगतात.” मी म्हटलं, “मग यंत्राला विचारा, त्या बॅगेची चेन कुठे तुटली होती आणि ती कशाने बांधली होती.” आजींनी लगेच डबा बाजूला केला. म्हणाल्या, “कशाने हो?”

नाडीने. तुझ्या जुन्या परकराच्या नाडीने, खारे. चॉकलेटी रेक्झिनची बॅग. तुझ्या शाळेच्या सहलीला आणली होती, ती.

तुला हे कोणीच सांगितलेलं दिसत नाही. मीही नाही सांगितलं. सांगायची सोय कुठे ठेवलीस? फोन उचलत नव्हतीस. मग आता ऐक. तुला मध्येच आठ नंबरला पळता येणार नाही, कारण हे कागदावर आहे आणि तुला अर्धवट वाचून कागद टाकवत नाही, हे मला माहीत आहे.

तुझे बाबा वाईट नव्हते. आधी हे लिहून ठेवते, कारण तू तेच म्हणणार. हात उगारला नाही, शिवी दिली नाही, पगार आणून हातात दिला. त्यामुळेच तर पंचाईत. जाच असता तर चार लोकांनी धरून बाहेर काढलं असतं. मला फक्त बसवलं होतं. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात खुर्चीत बसवलं आणि म्हणाले, “हलू नकोस.” तेव्हा मला फार कौतुक वाटलं होतं. मैत्रिणींना सांगत सुटले होते, आमचे हे माझी चित्रं काढतात. पण पुढे घरभर तेच सुरू झालं. नोकरी करू का? हलू नकोस, उजेड छान पडलाय. माहेरी जाऊन येऊ का? हे एवढं होऊ दे. गाडी शिकू का? तेव्हा मात्र ते हसले. “तुला कुठे जायचंय?” असं विचारलं त्यांनी, अगदी खरंच नवल वाटून. भाजी करपली तरी मी उठत नव्हते. गालावर माशी बसली तरी हलत नव्हते. तुला आठवतं, तू दारात उभी राहून विचारायचीस, “आई, आता बोलले तर चालेल का?” पाच वर्षांची होतीस. मी डोळ्यांनीच नाही म्हणायचे.

तू कॉलेजच्या हॉस्टेलवर गेलीस आणि घरात मला हलवणारंही कोणी उरलं नाही. मग मी ठरवलं.

त्या दिवशी मी बॅग भरून बाहेरच्या खोलीत आले तर हे माझ्या अर्ध्या राहिलेल्या चित्रासाठी रंग कालवत होते. बॅग बघितली. नाडी बघितली. काय म्हणाले असतील? जाऊ नकोस म्हणाले नाहीत. म्हणाले, “निघालीच आहेस तर चित्रातला तेवढा हात पूर्ण करू दे. मग जा.”

आणि मी बसले! हसशील तू. मीही हसते आता. घर सोडून निघालेली बाई बॅग खुर्चीखाली सरकवून पोझ देत बसली. वीस वर्षांची सवय, ती काय चपलेबरोबर काढून ठेवता येते? दुपार कलली, तरी त्यांचा हात काही संपेना. शेवटी म्हणाले, “झालं,” आणि ब्रश धुवायला गेले. नळ चालू होता तेवढ्यात मी बाहेर पडले. त्यांनी बॅग रंगवली, पण बॅगेसारखी नाही रंगवली. काळा पट्टा मारून ठेवला. आता तू त्याला उदासी म्हणतेस.

तर खारे, हे सगळं मी लोकांना सांगत होते. दणक्यात सांगत होते. मग तुझी पाटी आली.

पाटी वाचून मी काल पहिल्यांदा तोंड बंद ठेवायचं ठरवलं. भीतीने नव्हे हं! गार्डबाई म्हणाल्या, “तुम्ही बोललात की वरून ओरडा मला बसतो.” त्या बाई दिवसभर पायांवर असतात, स्टूल नावालाच. त्यांना कशाला त्रास? म्हणून मी डबा घेतला, सात दाबला आणि म्हटलं, घे, ऐकतेय. सगळं ऐकते.

आता एक गंमत सांगते. बाकीचे सगळे नंबर मला तोंडपाठ झालेत. बाबांची निसर्गचित्रं, बाबांचा मधला काळ, बाबांचा उत्तरार्ध, सगळं. ते मी कशासाठी ऐकत होते ते सांगायला नको, चित्रांसाठी तर नक्कीच नाही. पण सात नंबर मी एकदाही पूर्ण ऐकला नव्हता. उदासी आली की माझं डोकं फिरायचं आणि मी कानावरचं ओढून काढायचे. रोज. शिकाऊंना मी सांगत असते की आरसा बघितल्याशिवाय गाडी काढायची नाही, आणि मी स्वतः अर्धं ऐकून लोकांना भाषणं ठोकत होते. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

तर काल मी उदासी गिळली आणि पुढचं ऐकलं.

“तिची लेक त्या दिवशी सुट्टीसाठी घरी येणार होती. लेकीची बस चुकली. आई संध्याकाळपर्यंत दाराकडे पाहत राहिली. लेक पोचली तेव्हा खुर्ची रिकामी होती.”

मग, “पुढील चित्रासाठी आठ दाबा.”

मी आठ नाही दाबला. परत सात दाबला. परत सात. बाई गं, ‘बस चुकली’ म्हणताना तू आवंढा गिळलास. माझ्या कानात गिळलास. बशी फुटली की तू असाच गिळायचीस, आणि मग मी न विचारता सांगायचीस, मी नाही फोडली.

मला काल कळलं. इतकी वर्षं मी समजत होते, तू माझ्यावर रागावली आहेस. म्हटलं राग तर राग, मीही काही कमी नाही, बघू कोण आधी बोलतं ते. आणि तू काय समजत होतीस? तू वेळेवर आली असतीस तर आई गेली नसती, असं? बाबांनी सांगितलं ना तुला, “तुझी वाट पाहून पाहून गेली ती”? त्यांनीच सांगितलं असणार. दुसरं होतंच कोण घरात? मुद्दाम तुझ्यावर ढकललं, असं मी म्हणणार नाही. मेलेल्या माणसाशी भांडायला मला वेळ नाही. त्यांना बहुधा तसंच दिसलं असेल. माझे डोळे दाराकडे होते हे त्यांनी बरोबर टिपलं, त्यांची नजर पक्की होती. पण ते डोळे दाराकडे का होते, हे त्यांनी मला विचारलं नाही. वीस वर्षांत त्यांनी मला काहीच विचारलं नव्हतं, ते त्याच दिवशी कशाला विचारतील.

आता नीट ऐक. हे मी त्या म्हाताऱ्या जोडप्याला सुद्धा सांगितलेलं नाही.

मी तुझी वाट पाहत नव्हते. मी घाबरले होते, की तू येशील.

तुझी बस दुपारची होती, मला ठाऊक होतं. तू यायच्या आत निघायचं, म्हणून तर सकाळीच बॅग भरली होती. कारण तू दारातून आत आली असतीस, पाठीवरची सॅक टाकून “आई, भूक लागलीय” म्हणाली असतीस, की संपलं! मी उठले असते, बॅग आत ठेवली असती, चहा टाकला असता. आणि मग उद्या बघू, सुट्टी संपली की बघू, परीक्षा झाली की बघू, असं करत आज त्या घरातल्या त्या खुर्चीत माझा फक्त सांगाडा उरला असता, आणि त्याचंही बाबांनी चित्र काढलं असतं. मला मी माहीत आहे. सगळं जग मला अडवू शकलं नसतं, तू एका हाकेत अडवलं असतंस. म्हणून मी दाराकडे बघत होते. आणि मी, जी कधी देवापुढे उभी राहिले नाही, मनात म्हणत होते, देवा, आज हिची बस चुकू दे.

आणि चुकली.

तू कशाने चुकवलीस, मला माहीत नाही, विचारणारही नाही. मैत्रिणींबरोबर हिंडत असशील, नाहीतर ढाराढूर झोपली असशील. त्या वयात पोरींनी झोपायचं नाही तर कोणी? पण तू ज्याचं ओझं घेऊन फिरते आहेस, तो उशीर नव्हता गं. तो माझा सुटकेचा रस्ता होता. तू वेळेवर आली असतीस तर मी जन्मभर त्या खुर्चीत बसले असते आणि रोज तुला त्याचा हिशेब दाखवला असता, तुझ्यासाठी राहिले म्हणून. तसल्या आया मी बघितल्या आहेत. त्यांच्या पोरी माझ्याकडे गाडी शिकायला येतात आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडतात.

मला पश्चात्ताप नाही. हे ठळक करून वाच. मी निघाले ते बरोबर केलं, परत ती दुपार आली तर परत निघेन, आणि या वेळी हात पूर्ण करायलाही थांबणार नाही. तुझी आठवण आली नाही का? असं तू विचारशील तर मी उत्तर देणार नाही, कारण प्रश्नच मूर्खपणाचा आहे. माझा पास या पत्राला जोडलाय, त्याच्या मागे बघ, गार्डबाईंनी रोजचे शिक्के मारलेत.

आणि हो, आधी थाप मारली. डॉक्टरणीला पार्किंग शिकवायला आमच्या घराशेजारी मोठं मैदान आहे. पेपरात प्रदर्शनाची बातमी वाचली होती, त्यात तुझंही नाव होतं. म्हणून शहराच्या त्या टोकापासून या टोकापर्यंत मी त्या बिचारीला गर्दीतून चालवत आणली. पाच ठिकाणी गाडी बंद पडली. फी मात्र पूर्ण घेतली.

आता कामाचं. सात नंबर बदल. शिक्षण विभाग तू आहेस ना, मग शिकव लोकांना नीट. कसं बोलायचं ते तुला जास्त कळतं, पण मजकूर मी देते.

‘ही बाई निघाली आहे. खुर्चीखाली तिची बॅग आहे. नवऱ्याने मागितला म्हणून तिने हात पूर्ण होईपर्यंत वेळ दिला आहे, त्याहून जास्त देणार नाही. ती कुणाचीही वाट पाहत नाही. तिच्या लेकीची बस चुकली, ते फार बरं झालं. ही बाई माझी आई आहे.’

शेवटचं वाक्य बदलायचं नाही. सगळ्या नंबरांत मी चित्रकाराची पत्नी आहे. एकाही नंबरात तू मला ‘माझी आई’ म्हटलं नाहीस. मी सगळे नंबर ऐकलेत, म्हणून सांगते. पितळी पट्टीवरचं नाव बाबांनी दिलंय, ते राहू दे, चित्र त्यांचं आहे. पण चित्रातली बाई माझी आहे.

बदलणार नसशील तर मी पाटी असो नसो उद्यापासून परत सुरू होणार. गार्डबाईंना मी घरून गुबगुबीत उशी आणून देईन स्टुलावर घालायला, म्हणजे त्यांची तक्रार राहणार नाही. त्यांना मी गाडी शिकवायचंही कबूल केलंय. हे पत्र त्यांच्याच हाती वर पाठवते आहे.

तुला गाडी येते का गं? नसेल येत. बाबांच्या घरात कोणाला येणार? तुला मी फी न घेता शिकवीन, पण ओरडेन. ते सगळ्यांना समान आहे.

आज संध्याकाळी तुमचं ऑफिस सुटतं तेव्हा मी लाल गाडी घेऊन मुख्य गेटसमोर येईन. तिथे एक पिवळा फलक आहे, ‘येथे थांबू नये.’ तुमच्या संग्रहालयाला पाट्यांची भारीच हौस. पण हा एक फलक मला आवडला. मी थांबणार नाहीच. वाट पाहणं मला जमत नाही आणि आता या वयात शिकणारही नाही.

मी चक्कर मारीन. गेटवरून पुढे, पोस्टाच्या कोपऱ्याला डावीकडे, मागच्या गल्लीतून परत गेटवर. तू बाहेर आलेली दिसली नाहीस तर परत एक. मग परत एक. टाकी फुल आहे. हात दाखवलास की ब्रेक मारीन, आणि मागच्यांनी कितीही हॉर्न वाजवले तरी दार उघडून धरीन. आणि खारे, उशीर झाला तरी धावत येऊ नकोस. जिना उतरताना पाय मुरगळेल. तुझ्या उशिराने माझं आजवर फक्त भलंच झालंय.

तुझीच,
वाट न पाहणारी, चकरा मारणारी,
आई